हिप्परगा तलावाभोवती बिनमोटारीची वाट : कुणाच्या जागेतून काढायची?

सकाळचा सायकलवाला

नमस्कार मंडळी. आम्ही चौघं दर रविवारी पहाटे साडेपाचला सोलापूरच्या पार्क चौकातून निघतो, तुळजापूर रस्त्यानं हिप्परग्यापर्यंत जातो, चहा मारतो आणि परत. जाताना मागून ट्रक, येताना पुढून ट्रक. मागच्या रविवारी आमच्यातल्या एकाचा आरसा एका टेम्पोनं नेला, माणूस राहिला हे नशीब.

गंमत अशी की ज्या तलावासाठी एवढं पायडल मारतो तो नुसता लांबून दिसतो. पाण्याजवळ जायचं म्हटलं तर एकीकडं पाटी, 'परवानगीशिवाय प्रवेश नाही'. दुसरीकडं तारेचं कुंपण. तिसरीकडं एक पायवाट आहे, ती कुणाच्या तरी गोठ्यात जाऊन संपते. म्हैस आमच्याकडं बघते, आम्ही म्हशीकडं.

दीडशे वर्षं जुना तलाव, अदिला नदीवरचा, शहराला पाणी पाजलेला. त्याच्याभोवती फक्त चालणाऱ्यांसाठी आणि सायकलींसाठी एक सलग वाट का असू नये? सिमेंटचा ट्रॅक, कारंजं, सेल्फी पॉइंट यातलं काही नको. नुसती वाट. कुणाला काही अनुभव, माहिती?

शेंगाचटणी

आधी नवी पेठेत फूटपाथवरून चालून दाखवा मालक, मग तलावाचं बघू.

पेन्शनर आप्पा

शहरातल्या कंबर तलावाला काठ आहे, झाडं आहेत, सगळं आहे. जलपर्णी वाढली की पाणीच दिसत नाही. मागं आमच्या नातवानं विचारलं, आजोबा हे मैदान कुणाचं? हिप्परग्याला वाट करून तेच करायचं असेल तर राहू द्या.

बे-एरियातला बे

विषय जिव्हाळ्याचा आहे म्हणून मोठा प्रतिसाद देतोय. (नावावरून हसून घ्या. जन्म शुक्रवार पेठेतला, पोट इकडचं.)

मी राहतो तिथं सॅन फ्रान्सिस्को खाडीभोवती 'बे ट्रेल' नावाची वाट आहे. आराखड्यात लांबी ५०० मैल, म्हणजे ८०० किलोमीटर. ९ जिल्हे आणि ४७ शहरं तिच्यावर येतात. साडेतीनशे मैलांच्या वर झालीय, बाकीची अजून तुकड्यातुकड्यांत जोडत बसलेत. १९८७ साली कायदा झाला, १९८९ साली आराखडा. म्हणजे पस्तीस वर्षं उलटून गेली तरी काम चालूच, हे 'तिकडं सगळं झटक्यात होतं' म्हणणाऱ्यांनी लक्षात घ्यावं.

पण खरी गोष्ट त्याच्या आधीची आहे. १९६० च्या सुमाराला ही खाडी लोक भराव टाकून बुजवत चालले होते. शहरांचा कचरा, विमानतळ, वसाहती, सगळं खाडीत. तीन बायका, पेशानं कुणी अधिकारी नव्हेत, १९६१ मध्ये घरात बसून ठरवतात की हे थांबवायचं. १९६५ मध्ये खाडीसाठी वेगळा आयोग झाला. त्या वेळी सबंध खाडीचा जेमतेम चार मैल काठ सामान्य माणसाला खुला होता असं सांगतात. आयोगाच्या कायद्यात एक गोष्ट घातली: काठावर कुणाला काही बांधायचं असेल तर लोकांना पाण्यापर्यंत जायला जास्तीत जास्त जेवढी शक्य तेवढी वाट द्यायची, तरच परवाना. त्यामुळं आज मोठमोठ्या कंपन्यांच्या आवारामागून, हॉटेलांच्या मागून मी निवांत चालत जातो आणि कुणी 'ओ, कुठं?' म्हणत नाही.

थोडक्यात, त्यांनी आधी वाट बांधली नाही. आधी जायचा हक्क बांधला.

अण्णा, अशोक चौक

बे एरियात राहतोस काय बे?

बे-एरियातला बे

हौ बे.

माळरान

बे साहेबांचा प्रतिसाद चांगला आहे, पण अर्धी गोष्ट राहिली. त्याच खाडीच्या दक्षिणेला जुनी मिठागरं परत दलदलीत बदलायचं काम चालू आहे, १५ हजार एकरांच्या वर. तिथल्या बांधांवरून चालायला वाटा आहेत, पण चिखल्या पक्षी जमिनीवर अंडी घालतात त्या हंगामात काही वाटा सरळ बंद करतात. कुलूप, पाटी, विषय संपला.

आता हिप्परगा. थंडीत येऊन बघा, चक्रवाकांच्या जोड्या, पट्टकादंबांचे थवे. पट्टकादंब हिमालयावरून उडत येतो आणि उथळ पाण्याच्या कडेला चरतो. नेमकी तीच कडा तुम्हाला चालायला हवी आहे. माणूस दीडशे मीटरवर आला की थवा उठतो. दिवसातून वीस वेळा उठवला तर तो पुढच्या वर्षी दुसरा तलाव बघेल. सलग गोल वाटेला माझा विरोध. एका बाजूला वाट, दुसरी बाजू पक्ष्यांना, एवढं मान्य असेल तर मी तुमच्याबरोबर फिरायला येतो, दुर्बीण माझी.

शेंगाचटणी

दीडशे मीटर मोजले कुणी?

माळरान

पंधरा वर्षं पोटावर सरपटून मोजलेत. पट्टीनं नाही, हे कबूल.

निवृत्त मोजणीदार

धागाकर्त्यांनी विचारलंय 'कुणाच्या जागेतून', म्हणून लिहितो. माझं आयुष्य साखळी आणि प्लेन टेबल ओढण्यात गेलं.

तलाव बांधताना पाण्याखाली जाणारी जमीन सरकारनं घेतलेली असते, पूर्ण संचय पातळीपर्यंत. पाणी उतरलं की मधली जमीन उघडी पडते. तिला गाळपेर म्हणतात. ती सरकारची, पण हंगामापुरती कसायला देतात. ज्यांची गेली त्यांच्याच घरातले लोक पुष्कळदा ती कसतात. म्हणजे नकाशावर सरकारी आणि रानात ज्वारी. शहरातला माणूस येतो, 'सरकारी जागाच आहे की' म्हणून सायकल घालतो, आणि भांडण तिथं सुरू होतं.

पातळीच्या वर खाजगी गट. तिथून जायला दोन गोष्टी बघायच्या. पहिली गाव नकाशा. त्यावर गाडीमार्ग तुटक दुबार रेषेनं दाखवलेला असतो आणि पायमार्ग तुटक एकेरी रेषेनं. पायमार्गाची रुंदी सव्वाआठ फूट, गाडीमार्गाची साडेसोळा ते एकवीस. ह्या रेषा सार्वजनिक. तिथं कुणी नांगर घातला असला तरी रेषा मरत नाही. अडवणूक असेल तर तहसीलदाराकडं मामलेदार न्यायालय कायदा, १९०६ खाली अर्ज करता येतो.

दुसरी गोष्ट म्हणजे महसूल संहितेचं कलम १४३. ते शेतकऱ्याला दुसऱ्याच्या बांधावरून आपल्या शेतात जायचा रस्ता मिळवून देतं. तुम्हाला आम्हाला फिरायला नव्हे. तसंच वीस वर्षांच्या बिनतक्रार वहिवाटीचं, ती एखाद्या शेताच्या नावानं मागता येते, 'सोलापूरचे हौशी सायकलवाले' या नावानं नाही.

तर आधी तळे हिप्परगा, एकरुख आणि आजूबाजूच्या गावांचे नकाशे काढा. रेषा किती जोडलेल्या आहेत ते बघा. बाकीचं नंतर.

सकाळचा सायकलवाला

काका, दंडवत. सव्वाआठ फूट म्हणजे दोन सायकली आरामात.

निवृत्त मोजणीदार

दोन सायकली किंवा एक कडबा लादलेली बैलगाडी. ती आली तर सायकली उसात.

तळ्याकाठची

मी त्या 'गोठ्यात संपणाऱ्या' वाटेजवळच राहते. म्हैस आमची नाही, पण ओळखीची आहे.

तुम्ही सगळे वाट, हक्क, पक्षी बोलताय, चांगलंय. पण त्या काठावर रोज कोण असतं ते कुणी लिहिलं नाही. पहाटे चारला जाळी काढायला माणसं उतरतात. सहाला बायका धुण्याला. गाळपेरीत कुणाचा हरभरा, कुणाची काकडी. उपसा मोटारींचे पाइप आडवे पडलेत, त्यावरून तुमची सायकल उडेल. आणि दूधवाला. तो चाळीस लिटरच्या किटल्या लावून फटफटीवर त्याच पायवाटेनं जातो, कारण दुसरी वाटच नाही. तुमची वाट बिनमोटारीची झाली तर त्याला सांगणार का डोक्यावर ने?

रविवारी शहरातले येतात. सगळे वाईट नसतात, दादा. पण बाटल्या फुटतात आणि त्या काचा आमच्या जनावरांच्या खुरात जातात. मागच्या वर्षी कुणी तरी ड्रोन उडवला, आमच्या आज्जीनं तो घार समजून दगड मारला. नेम चांगला आहे तिचा.

माझं म्हणणं इतकंच, आधी गावात येऊन बसा. चावडीवर. चहा आम्ही पाजू.

अण्णा, अशोक चौक

आज्जीला साष्टांग नमस्कार.

रत्नागिरी रिटर्न

तळ्याकाठची ताईंचा प्रतिसाद या धाग्यातला सगळ्यात कामाचा. मी दहा वर्षं कोकणात नोकरी केली, तिथं हेच समुद्राच्या बाबतीत पाहिलंय.

गावातून किनाऱ्यावर जायला पाखाड्या असतात. जांभ्या दगडाच्या अरुंद वाटा, दोन्हीकडं आगराचे गडगे, मधून उतरत सरळ पुळणीवर. पिढ्यान्‌पिढ्या त्यावरून मासळीच्या टोपल्या गेल्या, नारळ गेले. मग एखादं आगर विकलं जातं. मुंबईचा किंवा पुण्याचा घेणारा पहिलं काम करतो ते फाटक बसवायचं. पाखाडी कागदावर कुठंच नसते कारण कुणाला ती लिहून ठेवायची गरजच वाटली नव्हती. आम्ही राहायचो तिथली एक अशीच बंद झाली. कोळणी पाऊण किलोमीटर वळसा घालून जायला लागल्या, डोक्यावर टोपली घेऊन.

लोक म्हणतात सीआरझेड, म्हणजे किनारा नियमन क्षेत्राचा नियम, आहे ना. आहे, १९९१ पासून, मग २०११ ची अधिसूचना, मग २०१९ ची. पण तो मुख्यतः बांधकामाचा नियम. भरतीरेषेपासून किती आत काय बांधायचं ते सांगतो. खाडीच्या काठाला २०११ मध्ये १०० मीटर किंवा खाडीच्या रुंदीइतकं, त्यातलं जे कमी असेल ते धरायचे, २०१९ मध्ये १०० चे ५० झाले. वाट मागायला त्यात फारसं काही नाही. एक गोष्ट मात्र जुन्या अधिसूचनेपासून आहे: किनाऱ्यावरच्या दोन रिसॉर्टांमध्ये लोकांना पाण्याकडं जायला किमान २० मीटरची मोकळी पट्टी सोडायची. किती ठिकाणी ती दिसते ते तुमच्या पुढच्या सहलीत मोजा.

कांदळवनाचं वेगळं. २०१८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं कांदळवन तोडायला बंदी आणि भोवती ५० मीटरचा पट्टा राखायला सांगितलं. त्यामुळं खाडीकाठी वाट काढायची तर ती मागं सरकवावी लागते, किंवा खांबांवर लाकडी फळ्यांची करायची परवानगी मागावी लागते. पण खांबही चिखलातच रोवणार ना.

माळरान

तलावाला तेवढंही संरक्षण नाही हे कुणाला माहीत आहे का? २०१७ च्या पाणथळ नियमांत काठापासून ५० मीटरमध्ये पक्कं बांधकाम नको असं आहे. पण पिण्याच्या पाण्यासाठी आणि सिंचनासाठी माणसानं बांधलेले तलाव त्यातून वगळलेत. हिप्परगा दोन्हीसाठीच बांधलेला. पक्ष्यांना ते नियम वाचता येत नाहीत म्हणून येतात बिचारे.

सीमा, जुळे सोलापूर

मी बाईमाणसाच्या बाजूनं लिहिते. एकटीला सकाळी सहाला तलावाकाठी जायची हिंमत होईल अशी वाट असेल तरच ती 'सार्वजनिक'. नाहीतर ती पुरुषांची वाट. दर अर्ध्या किलोमीटरला बाहेर पडायला जागा हवी, चहाची टपरी हवी, कुणाची तरी वर्दळ हवी. आणि संडास. कुठल्याही वाटेच्या आराखड्यात हे शेवटच्या पानावर असतं.

माळरान साहेब आता म्हणतील दिवे नकोत.

माळरान

म्हणणारच होतो. पण तुमचं ऐकून गप्प बसलो. तळ्याकाठची यांच्या गावाच्या बाजूला दिवे, गुडघ्याएवढ्या उंचीचे, खाली तोंड करून. चालेल?

सीमा, जुळे सोलापूर

चालेल. अवांतर: तुम्ही भांडत नाही हे बरोबर नाही, धाग्याची मजा जाते.

धरणकाठ

भिंतीवरून चालू द्या अशी मागणी कुणी तरी करणारच, म्हणून आधीच सांगतो. भिंत मातीची आहे. मातीच्या धरणावर झाडं लावत नाहीत, कारण मुळं कुजली की पाणी झिरपायला वाट होते. उंदीर-घुशींची बिळं, गुरांच्या टापांनी पडलेल्या घळी, सगळ्यावर लक्ष ठेवावं लागतं. २०२१ च्या धरण सुरक्षा कायद्यानंतर तर जास्तच. ती पाटी उगाच नाही. भिंत सोडा, बाकीचा काठ धरा.

आणि वाट करताना पेव्हर ब्लॉक अजिबात नको. आपली काळी माती पावसात फुगते, उन्हात भेगाळते. दोन पावसाळ्यांत ब्लॉकच्या लाटा होतील. कडक मुरूम, चांगली दबाई, मधे थोडा उंचवटा म्हणजे पाणी दोन्हीकडं जाईल, आणि ओढा लागेल तिथं फरशी. गुडघ्यालाही मुरूमच बरा.

एक अडचण मात्र आहे. हा तलाव उथळ आहे. पूर्ण पातळीच्या वर वाट केली की पावसाळ्यानंतर पाणी पायाशी, आणि एप्रिलमध्ये पाणी कुठंय म्हणून दुर्बीण लावायची. त्यामुळं मुख्य वाट वर, आणि पाण्याकडं उतरणारे चार-पाच फाटे, मोसमाप्रमाणं लांब-आखूड होणारे. समुद्राकाठी भरती-ओहोटी दिवसातून दोनदा. आपली वर्षातून एकदा.

बे-एरियातला बे

इंग्लंडमध्ये किनाऱ्याच्या वाटेला २००९ च्या कायद्यानं अशीच सोय केलीय. कडा ढासळली की वाट आपोआप आत सरकवता येते, दर वेळी नव्यानं कज्जा नको. फाट्यांचं हेच कागदावर लिहून घेता आलं पाहिजे.

शेंगाचटणी

इंग्लंडात एप्रिलमध्ये ४२ असतं का? आपल्याकडं दुपारी बारा ते पाच ती वाट कुत्रंसुद्धा वापरणार नाही.

पेन्शनर आप्पा

आमच्या लहानपणी बिनमोटारीची वाट वेगळी शोधावी लागत नव्हती, मोटारीच नव्हत्या. पण एक सांगतो. कोजागरीला सोलापूर ते तुळजापूर, साधारण ४५ किलोमीटर, अख्खं शहर चालत जातं. पोलीस गाड्या दुसरीकडून वळवतात. त्या रात्री तोच ट्रकांचा रस्ता, तोच हिप्परगा, आणि रस्त्यावर फक्त माणसं. चांदण्यात तलाव कसा दिसतो ते बघायला कुठल्या आराखड्याची गरज लागली नाही. म्हातारी चालतात, पोरं चालतात, कडेला कुणी केळी वाटतंय, कुणी पाय चेपून देतंय.

अण्णा, अशोक चौक

+१. आणि सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेच्या वेळी नंदीध्वज ६८ लिंगांना जातात ती काय वाट नाही का? गावाभोवती पायी फेरीच आहे ती. सिद्धरामेश्वरांनी तलाव खोदला, लिंगं स्थापली, आणि फिरायचं कारणही देऊन ठेवलं. नियोजन याला म्हणतात.

रत्नागिरी रिटर्न

आप्पा, अण्णा, मान्य. पण एक रात्र किंवा एक सण रस्ता मिळतो तो श्रद्धेमुळं. पालखी मार्ग रुंद करताना कडेला वारकऱ्यांसाठी पायवाट धरली, तीही वारीमुळं. रविवारच्या सायकलवाल्यामागं कोण उभं राहणार?

शेंगाचटणी

सायकलवर भगवा लावा.

तळ्याकाठची

दूधवाल्याचं कुणी उत्तर दिलं नाही.

सकाळचा सायकलवाला

खरंय ताई, लाज वाटली. माझं मत बदललंय. पहाटे चार ते सात गावातल्यांची चाकं चालतील, दूधवाला, जाळीवाला, शेतावर जाणारा. बाहेरून येणाऱ्यांची गाडी तलावाच्या अलीकडं लावायची. नुसते खांब रोवून उपयोग नाही, दुचाकी त्यातून जाते आणि व्हीलचेअर अडकते. गावानंच ठरवावं कुणाला सोडायचं.

गोल वाटेचा हट्ट सोडला. गावाच्या बाजूची एक पट्टी, बाकी पक्ष्यांना. मोजणीदार काकांबरोबर नकाशे काढायला जातोय.

निवृत्त मोजणीदार

अर्ज मी लिहितो. तुम्ही फक्त तिकीट लावा आणि रांगेत उभे राहा, माझे पाय दुखतात.

सकाळचा सायकलवाला

(तीन आठवड्यांनंतर धागा वर काढतोय.)

नकाशे मिळाले. पहिल्या खेपेला साहेब जेवायला, दुसऱ्या खेपेला साहेब मीटिंगला, तिसऱ्या खेपेला दहा मिनिटांत काम. काल रविवारी आम्ही सहा जण, काका, सीमाताई आणि दुर्बिणीसह माळरान, नकाशा हातात घेऊन चाललो. चावडीवर आधी अर्धा तास बसलो. आज्जी भेटल्या. ड्रोन आणला नाही ना, याची खात्री करून घेतली.

एकेरी तुटक रेषा खरंच आहे. गावाच्या मागून निघते, दोन ओढे ओलांडते, बाभळीच्या रांगेतून पाण्याला समांतर जाते. एका जागी सव्वाआठ फूट भरली, काकांनी टेपनं मोजून दाखवली, डोळे पुसले. (धूळ गेली म्हणाले.) मग अंदाजे सव्वा किलोमीटरवर रेषा नकाशावर पुढं जाते आणि रानात एका उसाच्या फडात घुसते.

ऊसवाले मालक तिथंच होते. नकाशा बघितला, काकांनी १९०६ चा कायदा सांगायला तोंड उघडलं, तर म्हणाले, "कायदा राहू द्या, वाट होती हे मला माहीत आहे. माझा बाप त्यावरून शाळेत गेला. पण ऊस उभा आहे तोवर जाऊ देणार नाही. तुटला की बांधाच्या कडेनं सोडतो, आठ फूट नाही, चार." काकांनी पाच मागितले. चहा झाला. विषय साडेचारवर थांबला आहे.

शेंगाचटणी

तोडणी कधी आहे?

तळ्याकाठची

टोळीला उचल दिलीय. येईल तेव्हा. मी सांगते इथंच.